व्हीलचेअर आणली, म्हणजे विश्वास कमी पडला?

नाशिकमधल्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून सारांश देते.

यजमान ५४ वर्षांचे, सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. मागच्या पावसाळ्याआधी सासूबाईंच्या आग्रहावरून एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेला, नेलं. तिथं स्टेजवर दोघांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं, 'येशूच्या नावात चाल' म्हणाले आणि हात सोडले. यजमान पडले. माइकवरून सांगण्यात आलं, 'विश्वास कमी पडला.' तेव्हापासून ते चर्चला यायला तयार नाहीत, व्यायामही सोडला, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. शुक्रवारी घरी येणारा प्रार्थना गट आता 'घरात काही लपलेलं पाप आहे का' असं विचारतो. मुलानं पुण्याहून व्हीलचेअर पाठवली, तर गटातली एक बहीण म्हणाली, 'खुर्ची आणलीत म्हणजे तुम्हीच देवाला सांगितलंत की हे चालणार नाहीत.' ती खुर्ची पॅसेजमध्ये चादरीखाली झाकून ठेवली आहे. सासूबाईंनी 'विश्वासानं' महिनाभर बीपीच्या गोळ्या दिल्या नाहीत, हे ताईंना नुकतंच कळलं. आता सासूबाईंना त्यांना दुसऱ्या गावच्या आणखी मोठ्या सभेला न्यायचं आहे. ताई विचारतात: 'कफर्णहूमातल्या पक्षघाती माणसाला प्रभूनं उठवलं, मग यांना का नाही? माझा विश्वास कमी आहे का? मंडळी (म्हणजे आमचं चर्च) सोडू का?'

ताई, सलाम.

तुमच्या प्रश्नांआधी गोळ्या. त्या आजच्या आज सुरू आहेत ना, एवढं बघा, आणि महिनाभराचा खंड पडला होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरातलं भांडण बाहेर जाईल म्हणून लपवू नका. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाचं बीपी मोकळं सोडणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला दार उघडं ठेवणं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय एक दिवसही थांबवायची नाही. आणि कधी तोंड वाकडं झालं, हात एकाएकी लुळा पडला, बोबडी वळली, तर प्रार्थना रिक्षात बसून करायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायचा असतो. हे मी तुमच्याइतकंच इतर वाचकांसाठीही लिहिते आहे, कारण अशी पत्रं मला एकट्या तुमच्याकडून येत नाहीत.

आता कफर्णहूम. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाचा दाखला तुम्ही दिलात ते बरं झालं. तुमच्या शुक्रवारच्या गटानं ही गोष्ट खूपदा ऐकली असेल, पण सावकाश वाचलेली दिसत नाही.

येशू घरात आहे. दारापाशीसुद्धा पाय ठेवायला जागा नाही. चौघे जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात आणि गर्दीमुळे त्यांना आत जाता येत नाही. माझं बोट नेहमी याच ओळीवर अडतं. त्या आजाऱ्याची वाट कोणी अडवली होती? दारुड्यांनी नाही. वचन ऐकायला आलेल्या भाविकांनी. त्यांच्या पाठी दाराकडे होत्या आणि एकही जण बाजूला सरकला नाही.

मग ते चौघे छपरावर चढतात. मार्क म्हणतो छप्पर उकरलं, लूक म्हणतो कौलांतून सोडलं. लाकडी वासे, वर काटक्या आणि लिंपलेली माती, अशी तिकडची घरं असत. आपल्याकडे येवला-मालेगावकडची धाब्याची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना चित्र लगेच दिसेल. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर मातीची ढेकळं पडली असणार. (ते छप्पर नंतर कोणी लिंपून दिलं, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे. रविवारच्या शाळेत विचारला तेव्हा बाईंनी खाली बसवलं होतं.)

आणि आता ते वाक्य, ज्याच्यासाठी मी एवढं सांगते आहे. 'त्यांचा विश्वास पाहून' येशू बोलला. त्यांचा. त्यात आजारी माणूसही धरला असेल, नसेल. पण डोळ्यांना दिसला तो छपरावरच्या चौघांच्या हातांना लागलेल्या मातीतला विश्वास. बाजेवरच्या माणसाला येशूनं 'तुझा विश्वास आहे का' असं विचारलं नाही. उलट, मार्कच्या या सबंध गोष्टीत तो माणूस एक शब्द बोलत नाही. साक्ष देत नाही, कबुली देत नाही, आमेनसुद्धा म्हणत नाही. तुमच्या यजमानांचं बोलणं गेलं आहे, ताई. त्यांना हे वाचून दाखवा.

'पण पहिल्यांदा पापांची क्षमाच केली ना?' असं तुमचा गट म्हणेल. केली. पण 'तुझ्या पापामुळे तू असा झालास' असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. चौकशी नाही, आईबापांचा, आजा-पणजाचा शोध नाही. 'मुला' अशी हाक आहे, आणि क्षमा न मागता दिलेली आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी नेमका तुमच्या गटाचा प्रश्न विचारला होता: पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? उत्तर होतं, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. कोणी तुम्हाला योहान पाच, चौदा काढून दाखवील: 'पुन्हा पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल.' ते वाक्य आहे, मी ते पुसणार नाही. पण ते ३८ वर्षं आजारी असलेल्या एका माणसाला, तो बरा झाल्यावर, येशूनं स्वतः सांगितलं. ते वाक्य दुसऱ्याच्या घरात शिरायची किल्ली म्हणून कोणाच्या हातात दिलेलं नाही.

आणि 'विश्वास कमी पडला' याचं काय? शुभवर्तमानात असा एक प्रसंग खरंच आहे. डोंगराच्या पायथ्याशी फेफरं येणाऱ्या मुलाला शिष्यांना बरं करता आलं नाही. त्यांनी नंतर येशूला बाजूला गाठून विचारलं, आम्हाला का जमलं नाही? मत्तयाच्या सतराव्या अध्यायात उत्तर आहे, 'तुमच्या अल्पविश्वासामुळे.' तुमच्या. प्रार्थना करणाऱ्यांच्या. त्या पोराला कोणी बोल लावला नाही, आणि 'माझा अविश्वास घालवून टाक' असं रडून सांगणाऱ्या बापालाही प्रभूनं परत पाठवलं नाही. माइक हातात घेतलेल्या त्या गृहस्थांना हा अध्याय ठाऊक असता, तर पडलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी त्यांनी थोडा विचार केला असता. नासरेथातही गावाच्या अविश्वासामुळे त्याला फारसं काही करता आलं नाही, हा दाखलाही मिळेल तुम्हाला. पुढचं अर्धं वाक्य वाचायला सांगा: तिथंही थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यानं त्यांना बरं केलंच. अविश्वास टवाळी करणाऱ्या धडधाकटांचा होता.

मी चमत्कार मानते, ताई. तुमच्या यजमानांना का उठवलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून मी जरा लांबच बसते. प्रेषित पौलानं शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे कसल्याशा दुखण्यासाठी, तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. त्रफिम या सोबत्याला त्यानं मिलेत गावात आजारीच सोडलं, तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्याच्या सोबत्यांपैकी लूक वैद्य होता. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणणारा पाळक अजून मला भेटायचा आहे.

माझ्या थोरल्या भावाला पोलिओ होता. आमच्याकडे येणारा प्रत्येक सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, न विचारता त्याच्या पायावर हात ठेवायचा. तो नववीत गेल्यावर एकदा म्हणाला, 'माझा पाय सगळ्या मंडळीचा झालाय.' त्यानंतर पाहुणे आले की तो मागच्या दारानं निघून जायचा. तुमचे यजमान भिंतीकडे तोंड करतात, ते मला त्याच्यामुळे थोडंफार कळतं.

आता मी जरा टोचणारं बोलते. चार पानांत सासूबाईंना काय हवं ते आहे, गटाला काय हवं ते आहे, मुलाचं आहे, तुमचं आहे. यजमानांना काय हवं आहे ते एका ओळीतही नाही. तुम्ही विचारलंत का? बार्तीमय नावाचा भिकारी आंधळा आहे हे सगळ्या यरीहो गावाला दिसत होतं, तरी येशूनं त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? बोलणं अर्धं गेलं म्हणजे समज गेली असं नसतं. हो-नाहीचे प्रश्न विचारा, एका वेळी एकच. डाव्या हातानं खूण करू द्या, फोनवरचे फोटो दाखवा, आणि उत्तराला वेळ द्या. आपण फार लवकर त्यांचं वाक्य पुरं करतो. स्पीच थेरपिस्टला एकदा तरी दाखवाच. आणखी एक: बोलता न येणाऱ्या काही जणांना गाता येतं. लहानपणापासून पाठ असलेलं गीत तुम्ही म्हणा आणि कडव्याचा शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडा. आला तर आला.

भिंतीकडे तोंड करून पडणं, व्यायाम सोडणं, याला आत्मिक नाव द्यायची घाई नको. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजा आणि आयुष्याला बसलेला धक्का, दोन्हींमुळे. त्यावर उपचार आहेत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे हाच शब्द वापरा, 'नैराश्य', म्हणजे ते 'बाकी बरं आहे ना' म्हणून पुढं जाणार नाहीत. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगानं होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होतं हे खरं नाही. दोन वर्षांनंतरही सरावानं फरक पडतो, तो हळू आणि थोडा. रोज फिजिओथेरपिस्ट परवडत नसेल तर महिन्यातून एकदा बोलवा, पाच-सहा व्यायाम घरच्यांना शिकवून घ्या. उजवा हात धरून त्यांना कधीच ओढू नका, लुळा खांदा निखळतो. त्या दिवशी स्टेजवर दंडाला धरून उभं केलं हे वाचून मला पहिली काळजी खांद्याचीच वाटली. एकदा दाखवून घ्या.

व्हीलचेअरविषयी तुम्ही दोन पानं लिहिलीत, मला दोन वाक्यं पुरतील. त्या चौघांना बाज घेऊन यायची लाज वाटली नाही. बाज नसती तर तो माणूस घरीच राहिला असता.

मला यापुढे बोलायचं आहे ते बाज उचलणाऱ्यांविषयी. बाजेला चार कोपरे असतात, ताई, आणि चारही तुम्ही एकटीनं धरले आहेत. अंघोळ, जेवण, बाथरूम, पैसे, मुलीची बारावी, सासूबाईंची समजूत, वर शुक्रवारचा चहा. 'माझा विश्वास कमी आहे का' असं तुम्ही विचारता. मला तर पत्रात झोप कमी दिसते. तुम्ही धरून चालला आहात की मंडळीनं मदत करायची ती प्रार्थनेची, आणि बाकीचं घरच्या बाईचं काम. हे कुठून आलं? कफर्णहूमातल्या त्या चौघांनी तोंडानं प्रार्थना केल्याची नोंदच नाही.

तेव्हा कोपरे वाटा, आणि नावं घेऊन वाटा. 'कोणी मदत केली तर बरं होईल' म्हटलं की कोणी येत नाही. मुलानं पैसे पाठवले, खुर्ची पाठवली, बरं केलं. आता दुसऱ्या-चौथ्या शनिवारी येईल तेव्हा बापाची अंघोळ आणि दाढी त्याची. पहिल्यांदा दोघं अवघडतील. तरुण संघातली दोन पोरं रविवारी खुर्चीसाठी. महिला मंडळातल्या एकीनं मंगळवारी दुपारी तीन ते पाच यजमानांजवळ बसायचं आणि तुम्ही झोपायचं. झोपायचंच, त्या वेळात पोळ्या करायच्या नाहीत. चौथा कोपरा सासूबाईंचा.

हो, सासूबाईंचा. त्यांनी केलं ते जिवावर बेतणारं होतं, यात शंका नाही, आणि गोळ्यांचा डबा आता तुमच्या ताब्यात. पण पोटच्या पोराला असं पडलेलं पाहणाऱ्या आईच्या हाताला काही काम लागतं. ते मिळालं नाही तर त्या सभा शोधत फिरणार. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडीलजनांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, आणि त्या काळी तेल औषधही होतं. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोनीनं वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओतला. पाळकसाहेबांना घरी बोलवा, त्यांच्या हातानं एकदा रीतसर होऊ द्या. मग रोज रात्री सासूबाईंनी मुलाच्या पायाला हलक्या हातानं तेल लावावं, प्रार्थना करावी आणि तुम्ही काढून दिलेली गोळी स्वतःच्या हातानं द्यावी. गोळी आणि प्रार्थना एकाच हातानं दिली की भांडायला फारसं उरत नाही.

मोठ्या सभेला जायचं का? मी गेले नसते. पण हा निर्णय माझा नाही, तुमचा नाही, सासूबाईंचाही नाही. यजमानांनी 'हो' म्हटलं तर जा: गोळ्या पिशवीत, खुर्ची सोबत, आणि स्टेजवर चढायचं नाही. त्यांनी 'नाही' म्हटलं तर विषय संपला. सासूबाईंना आमच्या नाशिक रोडच्या बाळ येशूच्या तीर्थस्थानी घेऊन जा हवं तर, गर्दीचे दिवस सोडून एखाद्या साध्या दुपारी. तुम्ही कॅथलिक नसलात तरी तिथं कोणी अडवत नाही.

शुक्रवारच्या गटाला भांडून घालवू नका. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा आणि मग एवढंच म्हणा: 'प्रार्थनेला या, गीतं म्हणा, यांना विचारल्याशिवाय अंगावर हात ठेवू नका. पापाची चौकशी या घरात होणार नाही.' दोघी-तिघी यायच्या थांबतील. थांबू द्या. ज्या येत राहतील त्यांच्यात तुमच्या मंगळवारची कोणीतरी असेल. मंडळी सोडायचा विचार त्यानंतर सहा महिन्यांनी करा. पाळकसाहेबांनीही पापाचाच सूर लावला तर मात्र सहा महिने थांबू नका.

आता जरा मंडळ्यांच्या कमिट्यांशी बोलते, कारण या ताईंच्या चर्चला आठ पायऱ्या आहेत. सहा इंची पायरी धरली तर चार फूट उंची झाली, आणि खुर्चीच्या उताराला एकास बारा हे माप धरतात, म्हणजे ४८ फूट लांब उतार. आवारात तेवढी जागा नसेल. पण बहुतेक चर्चना बाजूचं एखादं दार असतं, ज्याला दोनच पायऱ्या असतात आणि ज्याच्यामागे गेल्या नाताळचे तारे आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात. ते मोकळं करा. बारा फुटांत काम होतं.

तेही जमत नसेल तर उचलून न्या. नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला वाहून नेण्याचा इतिहास आहे. १ मे १८७३ ला स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा चुमा आणि सुसी या त्याच्या आफ्रिकन सेवकांच्या पुढारपणाखाली त्याच्या माणसांनी त्याचा देह हजार मैलांहून जास्त वाट तुडवून किनाऱ्यापर्यंत आणला. त्यांच्यात जेकब वेनराइट होता, गुलामगिरीतून सुटलेला आणि आपल्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला. पुढं १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटी धरणाऱ्यांतही तो होता. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. त्या शाळेच्या पोरांनी मेलेल्या माणसाला एवढं अंतर नेलं, आणि आपल्याला जिवंत माणूस आठ पायऱ्या वर नेता येत नाही?

कागदाचं एक काम राहिलं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर ऑनलाइन अर्ज करून सिव्हिलला तपासणी करून घ्या. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं. मुलाला सांगा, हे त्याच्या कोपऱ्यातलं काम.

गोष्टीच्या शेवटी त्या माणसाला येशूनं काय सांगितलं, ते मात्र आवर्जून बघा. ऊठ, बाज उचल आणि आपल्या घरी जा. लोकांसमोर साक्ष दे असं नाही, घरी जा. तुमच्या यजमानांना घरातच घरी आल्यासारखं वाटत नाहीये सध्या, दर शुक्रवारी तिथं कोर्ट भरतं म्हणून.

उद्या सकाळी चहा झाल्यावर, सासूबाई देवळालीला बहिणीकडे जातात म्हणालात ना, त्या गेल्यावर यजमानांजवळ बसा आणि विचारा: गच्चीवर जायचं? खाली चौकापर्यंत जायचं? की कुठंच नको? आणि पॅसेजमधल्या खुर्चीवरची ती चादर आधी काढून धुवायला टाका.